बिनछापाची कुऱ्हाड

डिलर्डकाकांच्या घरात शिरलं की आधी भिंत दिसायची, मग काका. चुलीमागची ती लाकडी भिंत छतापर्यंत छोट्या कुऱ्हाडींनी आणि सुऱ्यांनी भरलेली होती. कारखान्यात बनलेली एकही नाही. पहिल्यांदा या डोंगरात वस्तीला आलेली माणसं कमरेला लावायची तशी हत्यारं, आमच्याच खोऱ्यांतल्या लोहारांनी भट्टीत तापवून हाताने घडवलेली. प्रत्येक लोहाराची एकच वस्तू घ्यायची, हा काकांचा नेम.

"दुसरी घेतली की ती हाव," ते म्हणायचे.

"आणि पहिली घेतली ती काय, भक्ती?" ओमाआत्या चुलीपासून विचारायची.

ओमाआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आमचं घर ओढ्याच्या अलीकडे, त्यांचं पलीकडे, त्यामुळे माझं अर्धं लहानपण त्या भिंतीसमोर घेवडा आणि मक्याची भाकरी खाण्यात गेलं. काका लाकडाच्या वखारीचा ट्रक चालवायचे. रविवारी चर्चहून आले की एकेक हत्यार खाली काढून त्याला तेलाचं बोट लावायचे. घासून चकचकीत मात्र कधी करायचे नाहीत. आत्याने एकदा भल्या मनाने एक सुरी राखेने घासली, तर काका आठवडाभर तिच्याशी घुम्यासारखे वागले. लोखंडावरचा काळपटपणा म्हणजे त्याचं वय. तो पुसला की वस्तू तान्ही होते, असं त्यांचं म्हणणं.

भिंतीवर सगळ्यात खाली एक खुंटी होती. तिच्यावर त्यांच्या मुलाने, गार्लंडने, स्वतः जाऊन आपली पहिली कुऱ्हाड टांगली होती. तो तेव्हा शाळेत शेवटच्या वर्षाला होता. घरामागच्या शेडमधल्या छोट्या भट्टीत, घोड्याचे खूर घासायची जुनी कानस तापवून, दुमडून त्याने ती घडवली. पात्याच्या गालावर कानशीचे दात तसेच राहिले होते, माशाच्या खवल्यांसारखे. दांड्याचं भोक जरासं तिरपं पडलं होतं, त्यामुळे कुऱ्हाड फेकली की डावीकडे झुकायची. तिच्यावर छाप नव्हता. आमच्याकडे लोहार आपल्या नावाचा छाप लगेच मारत नाही. हात बसला असं स्वतःला वाटलं की मगच मारतो.

दर वर्षी पानं लाल व्हायच्या दिवसांत नदीच्या वळणावर हौशी माणसांचा जुन्या पद्धतीचा तळ पडतो. कापडी राहुट्या, कातड्याचे अंगरखे, चकमकीने पेटवलेली चूल. तिथे पैसे चालत नाहीत. घोंगडी अंथरायची, दोघांनी समोरासमोर बसायचं, आपापली वस्तू ठेवायची. समोरच्याला कमी वाटलं तर तो हात लावत नाही. मग आपण आणखी काही ठेवायचं. त्याने हात लावला की सौदा पक्का. घोंगडीवर गरज सांगायची नाही, वस्तूची कहाणी सांगायची नाही, आणि दिलेलं परत मागायचं तर मुळीच नाही. परत मागणाऱ्यासमोर पुन्हा कुणी घोंगडी अंथरत नाही.

त्या वर्षी काका गार्लंडची कुऱ्हाड कमरेला लावून तळावर गेले. मुलाला विचारलं नाही. पोराचं काम चारचौघांत मिरवावं एवढंच मनात. तिथे हॉबर्ट आयझॅक्स बसला होता. या डोंगरातला सगळ्यात नावाजलेला लोहार, आणि तेवढाच तिरसट. त्याच्या मेपल लाकडाच्या मुठीच्या सुरीवर काका कित्येक वर्षं डोळा ठेवून होते. काकांनी एक कुऱ्हाड ठेवली, मग एक सुरा ठेवला. हॉबर्टने हात लावला नाही. पाइप ओढत म्हणाला, "डिलर्ड, कमरेची ती पोरकट कुऱ्हाड टाक की वर."

भोवती माणसं जमली होती. हॉबर्ट आयझॅक्सने, ज्याला दुसऱ्याचं काम कधी आवडलं नाही त्याने, गार्लंडचं काम मागितलं! काकांची छाती अशी फुगली की त्यांनी पट्ट्यातून ती उपसून घोंगडीवर ठेवली. हॉबर्टने हात लावला.

घरी येऊन त्यांनी ओसरीवरूनच हाक मारली. "गार्लंड! अरे, हॉबर्टने तुझी कुऱ्हाड मागून घेतली! मागून!"

गार्लंडने सुरी हातात घेतली, उलटसुलट पाहिली. "चांगली आहे," म्हणाला आणि परत दिली. मग खालच्या मोकळ्या खुंटीकडे एकदा पाहिलं.

"तू काय, अशा दहा करशील," काका म्हणाले.

त्याने एकही केली नाही. वसंतात तो ओहायोत, डेटनला कारखान्यात कामाला लागला, पुढे तिथेच लग्न केलं. भांडण झालं नाही. सणावाराला यायचा, जेवायचा, रस्त्यांची आणि हवेची चौकशी करायचा. भिंतीकडे पाठ करून बसायचा. ती खुर्ची कुणी त्याच्यासाठी ठेवली नव्हती; तोच ती ओढून घ्यायचा.

ओमाआत्या आजारी पडली तेव्हा एका दुपारी तिने काकांना पलंगाजवळ बसवलं. "सगळ्या डोंगराचे लोहार तू भिंतीवर चढवलेस," ती म्हणाली. "घरातला तेवढा उतरवलास." काकांनी तिची उशी नीट केली. ती गेल्यावर मात्र त्यांनी नवीन काही घेणंच सोडलं. तळावर जायचे ते फक्त दुसऱ्यांच्या घोंगड्या बघायला. हॉबर्ट केव्हाच वारला होता आणि ती कुऱ्हाड त्याने पुढच्याच वर्षी कुणाला तरी दिली होती. वस्तू फिरत राहतात. कानशीची, बिनछापाची, डावीकडे झुकणारी: काका एवढंच विचारायचे. का हवी, ते कधी सांगितलं नाही.

अखेर एका ओळखीच्या माणसाकडून कळलं, वरच्या खिंडीत व्हेस्टा नावाची एक विधवा तशा कुऱ्हाडीने चुलीसाठी ढलप्या काढते. काकांना तोवर धड दिसत नव्हतं, म्हणून गाडी मी चालवली. मागच्या सीटवर अख्खी भिंत होती, जुन्या चादरीत गुंडाळलेली.

व्हेस्टा अंगणात होती. उंच, हडकुळी, पायांत मेलेल्या नवऱ्याचे बूट. कुऱ्हाड ओंडक्यात रुतलेली होती. काकांनी जवळ जाऊन पात्याच्या गालावर अंगठा फिरवला. खवले लागले तसा त्यांनी हात काढून घेतला आणि मला म्हणाले, "घोंगडी आण, पोरी."

"अहो म्हातारबुवा, हा काय बाजार मांडलात माझ्या दारात?" व्हेस्टा म्हणाली खरी, पण समोर बसली.

काकांनी सगळ्यात आधी हॉबर्टची सुरी ठेवली. तिने हात लावला नाही. मग एक कुऱ्हाड, मग दुसरी. प्रत्येक वस्तू ठेवताना काकांचे ओठ हलत होते, करणाऱ्याचं नाव घेत असावेत. घोंगडी भरली. गाडीच्या मागच्या सीटवर नुसती चादर उरली.

"एवढ्या देखण्या कुऱ्हाडी-सुऱ्या घरात घेऊन करू काय मी?" ती म्हणाली. "मला ढलप्या काढायच्यात. हिची सवय झालीय माझ्या हाताला."

मग काकांनी जे घोंगडीवर करायचं नसतं ते केलं. "माझ्या मुलाने केलीय ती," म्हणाले. "मी त्याला न विचारता देऊन टाकली."

व्हेस्टाने घोंगडीचं एक टोक उचलून सगळ्या हत्यारांवर टाकलं. "हे उचला आधी," ती म्हणाली. "आणि त्याला सांगा, मला अश्शीच दुसरी करून दे. डावीकडे झुकणारी. ती आणा, ही न्या."

आता मागायचं होतं ते गार्लंडकडे, आणि ते काकांना व्हेस्टाच्या खिंडीपेक्षा अवघड होतं. मे अखेरीला सगळे आपापल्या माणसांच्या कबरी साफ करायला जमतात. डेटनहून आलेल्या गार्लंडबरोबर ओमाआत्याच्या कबरीवरचं गवत उपटता उपटता काका म्हणाले, "एका बाईला कुऱ्हाड हवीय. तुझ्या पहिल्या कुऱ्हाडीसारखी. झुकणारी."

"आता वाकड्या कामाची मागणी यायला लागली का?" गार्लंड म्हणाला. मग त्याचा हात थांबला. "पहिली तिने कुठे पाहिली?"

"तिच्याकडेच आहे. मी आणायला गेलो होतो. तिने दिली नाही."

"काय देत होतात?"

"भिंत."

"हॉबर्टची सुरी पण?"

"ती सगळ्यात आधी."

गार्लंड पुन्हा गवत उपटू लागला. पुष्कळ उपटलं, नको तिथलंही. संध्याकाळ व्हायच्या आत त्याने शेडचं दार उघडलं, भट्टीतली जुनी राख काढली. काकांनी न सांगता भात्याचा दांडा धरला. दोघं दोन दिवस तिथे होते. मी जेवण नेलं तेव्हा बोलण्याचा आवाज नव्हता, नुसता ऐरणीचा. भोक तिरपं पाडायचा गार्लंडने प्रयत्न केला, पण ते सरळच पडलं. "तो हात आता नाही राहिला," तो म्हणाला. छाप त्याने हिच्यावरही मारला नाही.

आम्ही तिघं खिंडीत गेलो. व्हेस्टाने नव्या कुऱ्हाडीने ओंडक्यावर दोन ढलप्या काढल्या. "सरळ आहे," तक्रारीच्या सुरात म्हणाली. "आता माझा हात वाकडा पडणार. असो." आणि जुनी उपसून गार्लंडपुढे धरली.

दांडा आता हिकरीच्या चिवट लाकडाचा होता, तिने स्वतः तासलेला. जिथे तिचा अंगठा बसत होता तिथले कानशीचे दात झिजून गुळगुळीत झाले होते. माथा ठोकून ठोकून पसरला होता. काकांनी हात पुढे केला होता, अर्धाच.

"केव्हापासून वापरता?" गार्लंडने विचारलं.

"माझा माणूस गेला त्या हिवाळ्यापासून. रोज सकाळी हीच."

गार्लंडने ती परत ओंडक्यात रुतवली. "राहू दे तुमच्याकडे. कामावर आहे ती."

"आणि ठरलेला सौदा?"

"घोंगडी कुठे अंथरलीय आपण?" नवी कुऱ्हाड परत घेत तो म्हणाला. "सौदा झालाच नाही."

काकांनी हात मागे घेतला. दुसऱ्या हाताने तो चोळत उभे राहिले, थंडी वाजल्यासारखे. ज्या वस्तूसाठी भिंत उतरवली ती समोर होती, आणि ती त्यांना मिळणार नव्हती. परतीच्या वाटेवर नवी कुऱ्हाड गार्लंडच्या मांडीवर होती. ओढा दिसायला लागला तेव्हा काकांनी विचारलं, "ही मी वापरली तर चालेल?"

गार्लंड खिडकीबाहेर बघत होता. "वापरा," म्हणाला. "घोंगडीवर तेवढी ठेवू नका."

त्या हिवाळ्यात ओढ्यापलीकडून रोज सकाळी लाकूड फोडल्याचा आवाज यायचा. काकांना दिसत नव्हतं, त्यामुळे ढलप्या कशाही निघायच्या, जाड-बारीक, आणि पात्याला खाचा पडल्या. पाऊस आला की ते ती कुऱ्हाड घरात आणून चुलीपाशी टेकवून ठेवायचे. खालच्या खुंटीवर टांगली कधीच नाही. गार्लंड नाताळला आला तेव्हा त्याने ती उचलली, धार बोटाने पाहिली, आणि "काय दगड फोडता की काय?" म्हणत कानस शोधायला शेडकडे गेला.