दरवर्षी हरवणारा मुलगा

आमच्या पेपरात एक मुलगा दरवर्षी हरवायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, तिसऱ्या पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात. चौकड्यांचा शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस, आणि फोटोवाल्यानं सांगूनही न हसलेला चेहरा. मी शाळेत होतो तेव्हा तो माझ्याहून मोठा होता. मग आम्ही एका वयाचे झालो. पुढे माझे केस पिकले, तो मात्र तेवढाच राहिला. लहानपणी त्या दिवशी मी एकटा गच्चीवर जायचो नाही. तो तिथं उभा असेल असं वाटायचं.

वडील गेले आणि नागपुरातल्या सदर भागातल्या आमच्या ऑफिसात त्यांच्या खुर्चीवर मी बसू लागलो. त्या वर्षी पोळ्याच्या आधी मुलाची आई आली. मौद्याजवळच्या एका खेड्यात ती एकटीच राहायची. वडील तिच्या 'हरवला आहे'च्या जाहिरातीचे पैसे घेत नसत. मीही घेतले नाहीत. फोटो छापून आला.

दोन-तीन दिवसांनी एक माणूस हातात हेल्मेट घेऊन केबिनमध्ये आला. पोट सुटलेलं, इस्त्रीचे कपडे. तिसरं पान माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "साहेब, हा फोटो छापणं बंद करा."

"तुम्ही या मुलाचे कोण?"

"मीच आहो तो."

केस गेले होते, गाल भरले होते. पण भुवया आक्रसून समोरच्याकडे बघायची तऱ्हा तीच होती. गच्चीवरची भीती भर दुपारी माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

पोळ्याच्या दिवशी बैल सजवायला उशीर झाला म्हणून बापानं त्याला सगळ्या गावासमोर मारलं होतं. तो तसाच निघाला. रायपूरला हॉटेलात राबला, मग नागपुरात आला. लग्न ठरताना 'मला कोणी नाही' असं सांगून बसला. आता नंदनवन वस्तीत घर होतं, दोन मुली होत्या.

"बाप गेल्याचं कळलं तेव्हा जायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "नाही गेलो. मग दरवर्षी जास्तच अवघड होत गेलं. आता मुलींना काय सांगू?"

"माझ्या वडिलांना हे माहीत होतं?"

"दरवर्षी येत होतो ना त्यांच्याकडे. चहा पाजायचे. म्हणायचे, एकदा आईसमोर जाऊन उभा राहा, मग बंद करतो."

रोज रात्री ज्या माणसाच्या ताटाशेजारी मी जेवलो, त्यानं यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. वारसा म्हणून मशीन आली, जागा आली, कोर्टातली भांडणं आली. हेही आलंय, हे त्या दुपारी कळलं. मी त्याला वडिलांचंच उत्तर दिलं. तो उठून गेला.

ते वर्ष मला जड गेलं. पेपरचं पान लागताना कुठलाही चेहरा पाहिला की तो आठवायचा. पुढच्या पोळ्याला म्हातारी आली. तिला पाणी दिलं, दार लावून घेतलं आणि सांगून टाकलं, "मावशी, तुमचा मुलगा जिवंत आहे. इथं येऊन गेला."

ती दचकली नाही. पदरानं तोंड पुसलं.

"मले मालूम हाये. तुह्या बापानं कवाच सांगतलं."

"मग पत्ता का नाही मागितला?"

"पत्ता भेटला असता त मी गेली असती. त्याले नोको हाये ना."

"मग फोटो काहून छापता?" नकळत मीही तिच्या बोलीत शिरलो.

"मी काही त्याले बोलावून नाही राहिली गा. मी अजून हाओ, एवढं त्याले दिसलं पायजे. बस."

त्या वर्षी तो आला तेव्हा मी त्याला हे जसंच्या तसं सांगितलं. फोटो बंद करा, असं तो म्हणाला नाही. चहाही न पिता गेला.

यंदा म्हातारी आली नाही. मी वाट पाहिली. तिनं सांगितल्याशिवाय तो फोटो छापायला माझा हात धजेना. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पिवळ्या मारबतीची मिरवणूक बघायला निम्मं नागपूर रस्त्यावर होतं. त्या गर्दीतून वाट काढत तो ऑफिसात आला तो घामानं निथळत.

"साहेब, फोटो नाही आला."

"नाही."

तो दारातच उभा होता. मी गाडीची किल्ली घेतली.

आम्ही मौद्याकडे निघालो. पॉवर प्लांटच्या चिमण्या दिसू लागल्यावर त्यानं काच खाली केली आणि मला रस्ता सांगू लागला. एकदाही चुकला नाही. घराला कुलूप होतं. अंगणात गवत माजलेलं. शेजारची बाई कुंपणापाशी आली.

"बुढी त गेली ना गा. उन्हाळ्यातच. पुतण्यानं केलं सारं. तुम्ही कोन व्हय?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या भुवया जवळ आल्या होत्या. फोटोवाल्यासमोर आल्या असतील तशाच.

"पेपरवाले," तो म्हणाला.

बाईनं मान हलवली आणि ती आत गेली. तो कुलपापाशी गेला. मग गवतात खाली बसला. मी गाडीत जाऊन बसलो, त्याचं रडणं ऐकू येऊ नये म्हणून काच वर केली. तरी येत होतं.