जीप निघाली ऑस्ट्रेलियाला

पोशीरच्या लडकूला शहाणा म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. पन्नाशी उलटली, केस पिकले, पण कोणी दोन शब्द गोड बोललं की हा विरघळलाच. आणि गोड बोलण्यात साईशेठचा हात कोण धरणार?

साईशेठ म्हणजे नेरळ रस्त्यावरचे बंगलेवाले. त्यांच्या वडिलांची, नानांची, एक जुनी उघडी जीप होती आणि लडकू तिचा ड्रायव्हर. साईशेठला लहानपणी शाळेत सोडलं ते याच जीपमधून, नानांना शेवटचं दवाखान्यात नेलं तेही हिच्यातूनच. स्वतःच्या पोरीला तापात सायकलवर बसवून नेणारा हा बाबा जीपला ऊन लागू द्यायचा नाही. याला माया म्हणा, नाहीतर गाढवपणा म्हणा.

साईशेठनी बायकापोरांसकट कायमचं ऑस्ट्रेलियाला जायचं ठरवलं. लोक म्हणाले, तिकडे जाऊन नवी गाडी घ्या, हे भंगार कशाला वाहून नेताय? पण शेठच्या डोक्यात बसलं, नेईन तर नानांची जीपच. एजंट आला, फोटो काढून गेला. इतक्या जुन्या गाडीला तिकडे परवानगी मिळते म्हणाला, पण अट एक. मातीचा कण नको, बी नको, काडी नको. तिकडची माणसं गाडीखाली आडवी पडून तपासतात.

"लडकूकाका, हे काम तुमचंच," साईशेठ म्हणाले. "आणि तिकडे गाडी चालवणार कोण? तुम्हालाच यावं लागणार."

एवढं बोलून शेठ चहा प्यायला आत गेले. लडकू तिथेच उभा राहिला, आणि त्याचं जे व्हायचं ते झालं. दुसऱ्याच आठवड्यात तो ठाण्याला जाऊन पासपोर्टच्या रांगेत उभा.

"अवं, त्यांनी गमतीत म्हटलं आसंल," बायको सुरेखा म्हणाली.

"माज्याशी कशाला गंमत करतील गं? मी काय त्यांचा मेवना हाय?"

गावात बातमी फुटली आणि नाक्यावरच्या रिक्षावाल्यांना आयतं कोलीत मिळालं. लडकू दिसला की हाक यायची, "काय ऑस्ट्रेलिया, इमान चुकलं का रं?" निलेश चहावाला सगळ्यांत वरचढ. तिकडं कांगारूला वैरण टाकायचं काम हाय म्हणे, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. लडकू नुसता हसायचा. बावळट माणूस हसला की लोकांना आणखी चेव येतो.

जीप धुवायला मात्र त्याने जीव काढला. खोपोलीच्या गॅरेजात नेऊन चाकं उतरवली, वाफेने तिचं पोट धुतलं, नटबोल्टांच्या खाचा दात घासायच्या ब्रशने घासल्या. एजंटने सगळीकडे बोट फिरवून पाहिलं. बोटाला काही लागलं नाही.

जीप न्यायला कंटेनर येणार होता दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. आता दसऱ्याला आपल्याकडे नवं बांधतात. भाताच्या नव्या लोंब्या, आंब्याचं पान, झेंडूचं फूल, सगळं एकत्र बांधून दाराला, देवाला, नांगराला, गाडीला. नवं न बांधता जीप धाडायची म्हणजे लेकीला ओटी न भरता सासरी पाठवण्यासारखं. सुरेखाने नवं करून दिलं. अट लडकूला पाठ होती, पण ती कचऱ्याची अट. नवं म्हणजे काय कचरा आहे? समोर बांधलं तर एजंट बोंबलेल, म्हणून त्याने सीट उचलली, खालच्या स्प्रिंगला नवं घट्ट बांधलं आणि सीट जागेवर बसवली.

"जा बाय," तो जीपला म्हणाला, "मी येतोच मागनं."

जीप गेली, शेठ गेले, बंगल्याला कुलूप लागलं. दिवाळी झाली तरी बोलावणं नाही. फोन वाजला की लडकू हातातलं काम टाकून धावायचा.

शेवटी फोन आला तो निलेशच्या टपरीवर असताना. लडकूच्या मोबाईलचा स्पीकर लावल्याशिवाय ऐकू यायचं नाही. त्याने स्पीकर लावला आणि सगळे रिक्षावाले भोवती जमले.

"बोला शेठ. मी तयारच हाय."

"सीटखाली भात तुम्ही ठेवलात?" साईशेठचा आवाज कोरडा होता. "त्याला किडे झाले. इथल्या लोकांनी गाडी अडकवली. परत न्या, नाहीतर मोडा म्हणाले. काल मोडली. नानांची जीप होती ती, काका."

लडकू बाकड्यावर बसला.

"मी तुम्हाला नेणार नव्हतो, हे तुम्हाला कळलं असणार. राग आला असेल, समजू शकतो. पण एवढा सूड?"

नेणार नव्हतो. हे लडकूला आत्ता कळत होतं, आणि तेही चारचौघांत. खरं त्याच्या ओठांवर आलं होतं. नवं होतं शेठ, तुमचं भलं व्हावं म्हणून बांधलं. तेवढं बोलला असता तर शेठनी माफही केलं असतं. पण समोर निलेश होता, रिक्षावाले होते, चहाचे ग्लास हातात धरून कान टवकारून. चेष्टेतल्या शब्दावर पासपोर्ट काढणाऱ्या येड्याने गाडीचं भलं चिंतून गाडीच मोडायला लावली, ही गोष्ट या नाक्यावर तो मरेपर्यंत चघळली गेली असती.

"व्हय," लडकू म्हणाला. "मीच केलं. मुद्दाम केलं."

पलीकडून फोन कट झाला.

टपरीवर एकच कल्ला उठला. निलेशने त्याच्या पाठीवर थाप मारली, चहाचे पैसे घेतले नाहीत. लडकूनी शेठला पानी पाजलं, ही बातमी संध्याकाळच्या आत पोशीरभर झाली. ज्या तोंडांनी ऑस्ट्रेलिया म्हणून हाका मारल्या, तीच आता लडकूभाऊ म्हणू लागली. भल्या माणसाला कुत्रं विचारत नाही, हरामखोर ठरला की त्याला पाट मिळतो.

"खरं का नाय सांगितलंत?" सुरेखाने विचारलं. "शेठ तुमाला बापासारखं मानायचे."

"मानायचे ना?" तो म्हणाला. "मग त्यांनी मला सूड घेनारा कसा धरला गं?"

पुढच्या रविवारी गावात साखरपुडा होता. लडकूला पहिल्या पंगतीत बसवलं आणि लोक म्हणाले, सांग रं, कसं केलंस ते. लडकूने सांगितलं. सीट कशी उचलली, लोंब्या कशा कोंबल्या, कोंबताना शेठला कोणकोणत्या शिव्या घातल्या, सगळं हातवारे करून. लोक पोट धरधरून हसले आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. सुरेखा बायकांच्या पंगतीत होती. ती भरल्या पानावरून उठली आणि घरी गेली.