काळ्या बुचाचा भाव

आमच्या नातेवाइकांत माझा एक किस्सा फार चालतो. सांगणारे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर. ते आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतात आणि सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. बारसं असो, सत्यनारायण असो, चार माणसं जमली की ते सुरू करतात, "वहिनींनी कॉम्प्युटरच्या बुचाचा भाव केला, ऐकलंय का तुम्ही?" मग सगळे हसतात. माझा नवरासुद्धा.

किस्सा खोटा नाही. म्हैसूरजवळ हिनकलच्या या घरात पुढच्या खोलीत मी फॉल-पिकोपासून सुरुवात केली. कुणाकडून उसनं न घेता कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन घेतलं, तेव्हा डिझाइनसाठी कॉम्प्युटरही आला. तो घ्यायला भाऊजी माझ्याबरोबर आले होते. दुकानदारानं कॉम्प्युटरचा डबा फिरवून दाखवला तेव्हा मागं स्क्रीनची वायर लावायच्या एकसारख्या दोन जागा होत्या. एक वर, एक खाली. वरची काळ्या बुचानं बंद केलेली. मी म्हटलं, "बंद जागेचे पैसे मी का द्यायचे? तेवढे कमी करा." भाऊजी लाजून लाल झाले आणि बाहेर जाऊन गाडीपाशी उभे राहिले. आत दुकानदार मला बराच वेळ काहीतरी समजावत होता. किस्सा मात्र ते बाहेर गेले तिथंच संपतो, कारण पुढचं त्यांनी ऐकलंच नाही.

गेल्या वर्षीच्या दसऱ्याची गोष्ट. आयुधपूजेला इथं कात्रीपासून बसपर्यंत सगळ्याची पूजा होते. मी कॉम्प्युटरच्या वायरी काढल्या, कोरड्या फडक्यानं डबा पुसला, बाहेरून कुंकवाचं बोट लावलं, झेंडूची माळ घातली. पूजा झाल्यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही राहू द्या, वायरी मी लावतो." कानाला फोन होता, बोलता बोलताच त्यांनी सगळं जोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं. आतला पंखा फिरला, पण स्क्रीन काळाच.

मशीनवर एका साखरपुड्याचा ब्लाउज चढलेला होता. दोन्ही बाह्यांवर अंबारीचा हत्ती हवा होता. उजवी बाही झाली होती. डाव्या बाहीसाठी तोच हत्ती कॉम्प्युटरवर आरशातल्यासारखा उलटा फिरवून मशीनला द्यावा लागतो, नाहीतर एक हत्ती पुढं चालतो आणि दुसरा मागं. तेवढ्यात मुलीची आईच दारात आली. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं, बोलण्यात अर्धं कन्नड.

"अक्का, ब्लाउज आय्ता? झाला काय?"

"संध्याकाळी देते."

"अय्यो, संध्याकाळी नक्की ना हो? नाळे साखरपुडा आहे, नाळे! उद्या सकाळी काय एक बाहीवालं ब्लाउज घालून बसवू काय पोरीला?"

"शब्द दिलाय ना मी? संध्याकाळी या."

त्या गेल्या आणि मी भाऊजींना खाली बोलावलं. त्यांनी बटण दोनदा दाबलं, स्क्रीनवर टिचकी मारली आणि निदान केलं.

"बोर्ड गेला. पाणी गेलंय आत. काल अभिषेक केलात ना कॉम्प्युटरला!"

"कोरडं फडकं होतं, भाऊजी. कुंकू बाहेरून लावलंय."

"आत जातंच हो ते. आता नवा लॅपटॉप घ्या. मी ऑनलाइन मागवतो. आणि यावेळी बुचाचा भाव करायला येऊ नका."

हे सोफ्यावरून म्हणाले, "तो म्हणतो तर असेल. त्याचं कामच आहे ते." रोज नंजनगूडच्या कारखान्यात जाऊन मशीनं चालवणारा माणूस, पण भावानं सांगितलं की झालं. सणामुळं दुरुस्तीची दुकानं बंद. म्हणजे माझा शब्द गेला, गिऱ्हाईक गेलं, वर पूजा केल्याचा दोष माझ्याच माथी. माझं डोकं असं तापलं की मी दोघांना खोलीबाहेर काढलं.

मग खुर्चीवर बसून विचार केला. खरेदीत माझी एक पद्धत आहे. दुकानदार सगळ्या सेटचा मिळून भाव सांगतो, तेव्हा सेट फोडायचा. साडीचे किती, ब्लाउजपीसचे किती, लेसचे किती? सुटं विचारलं की कुठं फसवतोय ते बरोबर कळतं. "बोर्ड गेला" हाही सेटचाच भाव होता. मी तो फोडायला घेतला.

आधी स्क्रीन. त्याची वायर डब्यातून उपटली, स्क्रीन उचलून बाहेर टीव्हीपाशी नेला आणि वायर सेट-टॉप बॉक्सला लावली. माझ्या काळ्या स्क्रीनवर दसऱ्याची मिरवणूक आली. अंबारी घेतलेला हत्ती संथ चालत होता. हे म्हणाले, "अगं, टीव्ही का बंद केलास?" मी म्हटलं, "तुमचा हत्ती इथं बघा, माझ्या मेलेल्या स्क्रीनवर." म्हणजे स्क्रीन चांगला आणि वायरही चांगली.

मग डबा. बटण दाबून थांबले. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबलं की त्याचा दिवा लागत होता, परत दाबलं की विझत होता. थोड्या वेळानं स्पीकरमधून रोजची सुरू झाल्याची धूनही आली. बोर्ड गेला असता तर हे कोण वाजवत होतं?

राहिली फक्त जोडायची जागा. कॉम्प्युटर बंद करून डबा भिंतीकडून वळवला आणि मोबाइलचा उजेड पाडला. मघाशी वायर ज्यातून उपटली, ती वरची जागा उघडी होती. आणि काळं बूच खालच्या जागेत, नीट दाबून बसवलेलं.

दुकानदाराचा आवाज जसाच्या तसा आठवला. "अम्मा, आत वेगळं ग्राफिक्स कार्ड घातलंय, त्यामुळं चित्र खालच्या जागेतूनच येणार. वर वायर लावली तर स्क्रीन काळा राहील. चुकून कुणी लावू नये म्हणून बूच." मी भाव केला म्हणून तो हे बोलला होता. कमी त्यानं एक पैसा केला नाही, पण हे माझ्या पदरात पडलं होतं.

नखानं बूच उपटलं. स्क्रीन परत आणून वायर खाली लावली, बटण दाबलं. चित्र आलं.

हत्ती फिरवला, मशीनला दिला आणि सुई धावायला लागली. तो आवाज वरच्या मजल्यावर जातोच. भाऊजी हातात मोबाइल घेऊन खाली आले, त्यावर लॅपटॉपचा फोटो.

"वहिनी, हा चालेल का... अरे! चालू कसा झाला?"

"बुचाचा भाव केला."

"म्हणजे?"

मी बूच त्यांच्या तळहातावर ठेवलं. "हे वरच्या जागेतलं. तुम्ही काढून खाली बसवलंत आणि वायर वर लावलीत. पाण्यानं नाही, कुंकवानं नाही. तुमच्या हातानं."

"फोनवर होतो हो मी. होतं असं कधी कधी."

"माझ्याकडून झालं असतं तर दिवाळीपर्यंत पुरवून सांगितलं असतंत."

ते हसले. चुकलो म्हणाले नाहीत, अजूनही म्हणालेले नाहीत, आणि मीही ते सोडलेलं नाही. संध्याकाळी मुलीची आई आली, दोन्ही हत्ती पुढंच चालताहेत ना ते बोट लावून बघितलं आणि ब्लाउज घेऊन गेली.

बूच मी परत वरच्या जागी बसवलं. आता कुठंही तो किस्सा सुरू झाला की मी मध्येच म्हणते, "थांबा, पुढचं मी सांगते." हल्ली भाऊजी तो सुरूच करत नाहीत. मग मीच सुरू करते.

यंदाच्या आयुधपूजेला मी पहिलं कुंकू त्या बुचाला लावलं. पूजा झाल्यावर भाऊजी दारातून म्हणाले, "वहिनी, वायरी लावू का?"

"प्रसाद घ्या," मी म्हटलं, "आणि हात खिशात ठेवा."