आधी कोण पडणार?

लग्न होऊन शारजाला आल्यापासून उर्मिला खांबेटे कुणाच्या ना कुणाच्या मधेच अडकलेली होती, आणि त्याचा तिला मनस्वी वीट आला होता. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला की नवरा, मुरलीधर, 'तू बोल' अशी खूण करून बाथरूममध्ये जाऊन बसायचा. "यंदाही जमणार नाही म्हणून सांग आईला," असं तो दाराआडून ओरडायचा. उर्मिला फोनमध्ये म्हणायची, "हो आई, यायचं अगदी मनात आहे त्यांच्या, रजेचं तेवढं बघताहेत." तिकडून सासूबाई फणकारायच्या, "त्याला म्हणावं, आता माझ्या तेराव्यालाच ये." हा निरोप मुरलीधरपर्यंत पोचेतो "आईंना तुमची फार आठवण येते" असा होऊन जायचा. मायलेकांचं प्रेम असं वर्षानुवर्षं तिच्या जिवावर टिकून होतं, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरचा किती समजूतदार आहे!

नोकरीतही तेच. पुण्यात कॉलेजात असताना मैत्रिणी फ्रेंच-जर्मनच्या वर्गाला गेल्या, हिला वडिलांनी जपानीत घातलं, कारण पिंपरीच्या त्यांच्या कारखान्यात एक जपानी मशिन आलं होतं आणि त्याचं पुस्तक कुणाला वाचता येत नव्हतं. त्या जपानीच्या जोरावर तिला शारजात जुन्या गाड्यांचे सुटे भाग मागवणाऱ्या एका कंपनीत काम मिळालं. गिअरबॉक्स फुटका निघाला की मालक लालबुंद होऊन सांगायचा, "लिहा त्यांना, चोर आहात म्हणून!" उर्मिला लिहायची, "पेटी उघडल्यावर आम्हाला थोडं आश्चर्य वाटलं." पुढच्या बोटीनं नवा गिअरबॉक्स यायचा. मालक खूश, जपानी खूश. उर्मिलेच्या डोक्याचा मात्र भुगा व्हायचा, आणि त्याबद्दल कुणी साधं विचारतही नव्हतं.

दोन हजार दोन साली त्यात डगची भर पडली. डग हा अमेरिकन. दुबईत टीव्हीवाल्यांसाठी नवीन इमारती उभ्या राहिल्या होत्या, त्यातल्या एकीत त्यानं ऑफिस थाटलं होतं. जपानी टीव्हीवरचे खेळ विकत घ्यायचे, अमेरिकन प्रेक्षकाला रुचतील असे करायचे, नमुन्याचा एक भाग इथेच शूट करायचा आणि तो तिकडच्या चॅनलवाल्यांना दाखवून कार्यक्रम विकायचा, असा त्याचा धंदा. इथे शेड स्वस्त, ऊन हमखास आणि माणसं मागाल तेवढी. मुरलीधर हमरिया फ्री झोनमधल्या ज्या फॅब्रिकेशनच्या कंपनीत स्टोअर सांभाळायचा, तिचीच रिकामी शेड डगनं भाड्यानं घेतली होती. डगला जपानी जाणणारी दुभाषी हवी आहे हे कळताच मुरलीधरनं घरी न विचारता बायकोचं नाव सांगून टाकलं.

खेळ होता जपानमधल्या एका लहानशा गावचा, तिथल्या स्थानिक चॅनलवर वीसेक वर्षं चाललेला. चिखलाच्या खड्ड्यावर दीड पुरुष उंचीवर एक फिरती फळी. तिच्यावरून गावचा पोस्टमास्तर, मासळीवाली, शाळेचे हेडमास्तर असे सगळे हातात टोफूचं ताट घेऊन चालायचे आणि धपाधप खाली पडायचे. गाव पोट धरून हसायचं. न पडता पोचला त्याला एक मोठा मुळा बक्षीस. आणि सगळ्यांच्या आधी कार्यक्रमाचा निवेदक स्वतः, अंगातल्या कपड्यांनिशी, त्या चिखलात पडून दाखवायचा. खेळ बसवणारे होसोया-सान त्यासाठी जपानहून आले होते, सत्तरीचे. कमी बोलायचे आणि बोलले की तेच पुन्हा बोलायचे.

डगला पहिल्या दिवसापासून मुळा खुपत होता. "मुळ्यासाठी कोण टीव्ही बघेल? दहा लाख डॉलर ठेवू." टोफू जाऊन चीजकेक आला. चिखल काळा नको, कॅमेऱ्यात सोनेरी दिसला पाहिजे, वाळवंट आहे ना! हेडमास्तर पडतानाची कॅसेट बघून तर तो हैराणच झाला. "पण हा आहे कोण? याची स्टोरी काय? निदान याचा डिव्होर्स तरी झालेला असला पाहिजे."

"गोष्ट कशाला हवी?" होसोया-साननी विचारलं. "तो पडतोय ना."

उर्मिलेनं ते डगला सांगितलं, "होसोया-सान म्हणतात, तुमची कल्पना इंटरेस्टिंग आहे." दुसरं काय सांगणार होती? संध्याकाळी घरी आली की तिचा जबडा दुखायचा. केया, तिची शाळकरी मुलगी, विचारायची, "आई, व्हाय आर यू सो ग्रंपी?" आणि उर्मिला म्हणायची, "बाळा, दिवसभर साखर पेरून आले की असंच होतं."

निवेदकाचा मुद्दा निघाला तेव्हा होसोया-साननी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "निवेदक आधी पडला नाही, तर हा खेळ राहत नाही. ती शिक्षा होते. तसं असेल तर मी करारावर सही करणार नाही."

इतकं सरळ वाक्य! पण उर्मिलेच्या जिभेला वळणच निराळं पडलेलं. "ते म्हणताहेत," ती डगला म्हणाली, "निवेदक आधी पडला तर फार छान वाटेल."

"नाइस टच," डग म्हणाला. "लेट मी थिंक."

"डग-सान मनापासून विचार करताहेत," उर्मिलेनं जपानीत सांगितलं. होसोया-सान कमरेत वाकले. पुढच्या प्रत्येक बैठकीत हा मुद्दा आला आणि प्रत्येक वेळी असाच गोड होऊन गेला. दोघांचं छान जमलंय असं दोघांनाही वाटू लागलं. आपण काय करून ठेवलंय, हे उर्मिलेच्याही ध्यानात आलं नाही.

मग डगला फळीवरून पडून बघायला माणसं हवी झाली. खरे खेळाडू अमेरिकेतून यायचे होते, त्याआधी खेळ कसा दिसतो ते बघायचं होतं. मुरलीधर म्हणाला, "आमच्या कंपनीच्या कामगार कॅम्पवरची पोरं आहेत की. शुक्रवारी सुट्टीच असते, वर दीडशे दिरहम मिळताहेत, म्हणजे जवळजवळ दोन हजार रुपये. तू बोल त्यांच्याशी, तुझं ऐकतील." म्हणजे इथेही मधे उर्मिलाच.

कॅम्पच्या मेसमध्ये बरीचशी पोरं कोकणातली होती. लांज्याकडचा गणू सगळ्यांत पुढे बसला होता. वेल्डिंगचं काम करणारा, अंगानं काटक. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, काय व्हनार न्हाय ना? घरी गिरिजा हाय, दोन पोरी हायत."

"मी सांगते ना गणू, काही होणार नाही."

"तुमी सांगताव तर झाला मग," असं म्हणून तो जेवायला लागला. बाकीच्यांनी त्याच्याकडे बघून माना डोलावल्या. त्या एका वाक्यावर पोरं तयार झाली, दीडशे दिरहमांचं कुणी नावसुद्धा काढलं नाही.

शुक्रवारी दुपारी शेडमध्ये दिवे लागले. खड्डा आदल्या दिवशीच भरून ठेवला होता आणि डगच्या हुकमाप्रमाणे खरोखरच सोनेरी दिसत होता. गणू फळीच्या टोकाशी चढून उभा होता, हातात चीजकेकचं ताट. खाली त्याचे सोबती शिट्ट्या मारत होते. होसोया-सान आले, खड्ड्याकडे पाहिलं, वर गणूकडे पाहिलं आणि उर्मिलेला विचारलं, "आधी कोण पडणार?"

डगनं वर बोट दाखवलं. "दॅट गाय."

"नाही. आधी निवेदक."

"निवेदक?" डग हसला. "तो लॉस एंजेलिसमध्ये आहे. त्याचा सूटच केवढ्याचा आहे! तो कधीच पडणार नाही. मी तर ते पहिल्याच आठवड्यात काढून टाकलं."

उर्मिलेनं सवयीनं तोंड उघडलं. निवेदकांना आज यायला थोडी अडचण आहे, हे वाक्य जपानीत जिभेवर तयारच होतं. तेवढ्यात वरून गणूनं तिला हात केला, बाई बघताहेत म्हणून.  या पोराला आपण शब्द दिलाय, आणि कशाच्या भरवशावर दिलाय? खड्ड्यात काय आहे, हे तरी आपल्याला कुठे माहीत आहे?

"डग," ती म्हणाली, आणि आपला आवाज आपल्यालाच ओळखू येत नाहीये असं तिला वाटलं, "हे विनंती करत नाहीयेत. पहिल्या दिवसापासून सांगताहेत की निवेदक आधी पडला नाही तर ते सही करणार नाहीत. छान वाटेल वगैरे ते कधी म्हणालेच नव्हते. ते माझं होतं." मग होसोया-सानकडे वळून तिनं जपानीत तेवढंच सरळ सांगितलं, "यांनी कधीच विचार केला नव्हता. मी तुम्हाला खोटं सांगत होते."

 मग डगचा पारा चढला. इतके महिने, इतका खर्च! निवेदकाचं राहू दे, आज इथे कोण पडणार? तो स्वतः? त्याचा इन्शुरन्सच तसा नव्हता. भिंतीशी उभा असलेला मुरलीधर घाम पुसत म्हणाला, "उर्मिला, अगं खलास कर ना विषय. पोरगा उभा आहे वर."

होसोया-सान खाली बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

आता मात्र उर्मिलेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक नवरा, एक अमेरिकन, आणि पडायला कोण निघालंय तर सत्तर वर्षांचा म्हातारा! "गणू, खाली ये," तिनं हाक मारली. पर्स मुरलीधरच्या हातात कोंबली, ओढणी कमरेला बांधली आणि शिडी चढायला लागली. "अगं, अगं!" मुरलीधर म्हणाला. त्याच्या त्या 'अगं'ला तिनं आयुष्यात पहिल्यांदा उत्तर दिलं नाही.

वर गेल्यावर तिला भीती वाटली. फळी गदागदा हलत होती. गणूसारखं ताट घेऊन, गिरकी खाऊन डोक्यावर पडण्याचं धाडस तिच्यात नव्हतं. ती फळीच्या काठावर बसली, डोळे मिटले आणि उभ्यानं खाली सुटली.

चिखलात रुतल्याचा आवाज यायला हवा होता. आला तो काहीतरी मोडल्याचा. सोनेरी दिसावा म्हणून खड्ड्यात मातीऐवजी बांधकामाची वाळू ओतलेली होती. रात्रभरात ती तळाशी बसून फरशीसारखी घट्ट झाली होती, आणि वर उरलं होतं गुडघाभर गढूळ पाणी. उर्मिलेची उजवी टाच मोडली. तिला बाहेर काढायला सगळ्यांत आधी पाण्यात उतरला तो गणू. तळाला पाय लागताच तो थबकला, वाकून त्यानं हातानं तळ चाचपला आणि मान वर करून फळीकडे बघितलं.  शिट्ट्या केव्हाच थांबल्या होत्या.

हॉस्पिटलमध्ये डगची फुलं आली, सोबत चिठ्ठी की तिच्या पडण्याचं शूटिंग अप्रतिम झालंय, वापरलं तर चालेल का. होसोया-सान स्वतः आले आणि पलंगाशी बराच वेळ वाकून उभे राहिले. मुरलीधर मात्र धुमसत होता. कंपनीत त्याला बोलणी खावी लागली होती. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला, पुण्याहून. त्यानं सवयीनं तो उर्मिलेपुढे धरला. "आईला सांग, पडली म्हणून. आणि दिवाळीला काही जमणार नाही."

"तुम्हीच सांगा," उर्मिला म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मुरलीधर फोन धरून तसाच उभा राहिला. मग त्याला बोलावंच लागलं.

डगनं तिला पुन्हा बोलावलं नाही. होसोया-साननी सही केली नाही, पण खेळाचे हक्क त्या जपानी चॅनलकडे होते, आणि चॅनलच्या तरुण साहेबांना सही करायला काहीच अडचण नव्हती.

दोनेक वर्षांनी तो कार्यक्रम अमेरिकेतून डिशवर शारजातसुद्धा दिसायला लागला. शुक्रवार होता. गणू दर शुक्रवारी जेवायला यायचा, तसा आला होता. केया सोफ्यावर लोळून हसत होती, "आई, इट्स सो फनी!" एक बाई आपल्या डिव्होर्सबद्दल रडली, मग फळीवरून गिरकी खात सोनेरी चिखलात आपटली. कडेला चकचकीत सूटमधला निवेदक टाळ्या पिटत हसत होता. उर्मिला पाय स्टुलावर ठेवून बसली होती. एसी चालू असला की टाच अजून ठणकायची.

गणूनं बराच वेळ वाट बघितली. मग विचारलं, "बाई, ह्यो सूटवाला कवा पडतो?"

"तो नाही पडत, गणू."

"मंग तो हसतो कशाला?"

"व्हॉट डिड ही से?" गणूची बोली न कळून केयानं हसता हसता विचारलं.

उर्मिलेनं ते तिला इंग्रजीत सांगितलं, जसंच्या तसं. केयानं टीव्हीकडे बघितलं, आणि मग आईच्या पायाकडे.