रिजेक्टचा डबा

मी कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर पडलो की भिलाईच्या रिसाली भागातली आमची गल्ली रिकामी होते. मी कुणाला त्रास देतो असं नाही, पण मी फोटो काढायला उभा राहिलो म्हणजे समोरच्याचा अर्धा तास गेला, हे आता गल्लीतल्या कुत्र्यांनाही माहीत झालंय.

दोष लेन्सचा नाही, हे आधीच सांगतो. लेन्स रशियन आहे. भिलाईत कारखाना उभा राहताना आलेल्या कुण्या रशियन इंजिनिअरच्या सामानातून मागे राहिलेली, चार हात फिरून पॉवर हाऊस भागातल्या बाजारात एका जुन्या सामानाच्या दुकानात मला सापडली. वयानं माझ्याहून मोठी. आपोआप फोकस वगैरे लाड तिला माहीत नाहीत. पुढची रिंग बोटांनी फिरवायची, नजर ठेवायची आणि नेमक्या जागी थांबायचं. यातलं शेवटचं मला सोळा वर्षांत जमलेलं नाही. रिंग हटकून जरा जास्त फिरते आणि माणसाऐवजी त्याच्या मागची भिंत लख्ख येते. आमच्या गल्लीतल्या सगळ्या भिंतींचे माझ्याकडे उत्तम फोटो आहेत.

ही लेन्स एक कडं लावून मी माझ्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवतो. तो कॅमेराही आता सोळा वर्षांचा घोडा. मुलगा हर्षल पुण्याहून आला की म्हणतो, "बाबा, छोडो ना अब इसको, मोबाईल घ्या चांगला." पण मी दर रविवारी टेबलावर उशीची जुनी खोळ अंथरून दोघांची सेवा करतो. रबरी फुग्यानं धूळ उडवतो, बटणांच्या फटीत बसलेली कारखान्याची लाल धूळ ब्रशनं काढतो, लेन्सला बुरशी धरू नये म्हणून तिला घटकाभर ऊन दाखवतो. माझी बायको प्रेमला म्हणते, "इतकी मालिश माह्या गुडघ्याची केली असती, तं मी पयत असती आज."

नोकरीत मी कारखान्याच्या रेल मिलमध्ये, रुळांच्या इन्स्पेक्शनला होतो. तिथली एक शिस्त अंगात मुरली. रिजेक्ट झालेला माल लगेच फेकायचा नाही. खूण करायची, बाजूला ठेवायचा, कारण लिहायचं. त्यामुळे फसलेला एकही फोटो मी आजवर पुसला नाही. मेमरी कार्ड भरलं की ते बिस्किटाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत, आणि वहीत नंबर नि कारण. सब्जेक्ट हलला. उजेड कमी. वारा होता. एकदा हर्षलनं ती वही चाळली आणि कारणांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत लिहून ठेवलं, 'ऑपरेटर'. मी तीन दिवस त्याच्याशी बोललो नाही. खोडलंही नाही म्हणा.

मागच्या महिन्यात शेजारचे मारोतराव आले. कोक ओव्हनच्या आगीसमोर उभी नोकरी काढलेला माणूस, पण त्या दिवशी आत यायला कचरत होते. त्यांची बायको, मनकर्णावहिनी, गेल्या वर्षी गेली. वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं होतं.

"विजूभाऊ, मनकर्णाचा एखांदा फोटो आहे का तुमच्यापाशी?"

"आधार कार्डावरचा मोठा केला होता नं तुम्ही?"

"त्याच्यात ती भेलेली आहे. जशी पोलिसानं धरून आनली." ते सोफ्याच्या कडेवर टेकले. "सालभर तोच पाहून राहिलो. आता डोये मिटले का तोच येते. खरी मनकर्णा येतच नाही. मले तिचं तोंड आठवून नाही राहिलं, विजूभाऊ."

बावीस वर्षांचा शेजार. वहिनी कितीदा म्हणाल्या असतील, "भाऊजी, माहा एक चांगला फोटो काढा नं." आणि मी मोठा कलावंत! "उजेड बरोबर नाही वहिनी, बघू मग." त्यांच्या कुंपणावरच्या कोळ्याच्या जाळ्याचे मी छप्पन फोटो काढले, आणि त्या बाईचा एक नाही. लाज वाटली. स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण तीही नेमकी लागली नसती.

चांगल्या फोटोंच्या कार्डावर एकूण एकसष्ट फोटो होते. त्यात वहिनी नव्हत्या. तेवढ्यात स्वयंपाकघरातून प्रेमलाचा आवाज आला, "रिजेक्टच्या डब्यात पाहा नं. सगळी गल्ली तिथंच आहे."

ही जुनी जाडी कार्डं घरात दुसऱ्या कशातच बसत नाहीत. मी कॅमेऱ्याची पिवळी वायर टीव्हीला जोडली आणि मारोतरावांसमोर माझ्या सोळा वर्षांच्या पराक्रमाची मिरवणूक निघाली. हर्षलचा कान. कुणाच्या तरी लग्नात नवरीच्या मागचा कूलर, जाळीच्या तारेन् तारेसकट.

"कूलर चांगला आला," मारोतराव म्हणाले. माणूस सभ्य.

पुढच्या फोटोत एक राखाडी गोळा होता. "हे कोन?"

"तुम्हीच आहात."

"असं का," ते म्हणाले.

तिसऱ्या कार्डावर भुलाबाई लागली. बारा वर्षांपूर्वीची कोजागिरी. आमच्या अंगणात बायका जमल्या होत्या, गाणी म्हणून झाली होती आणि प्रेमला झाकलेला डबा हातात धरून सगळ्यांना खिरापत ओळखायला लावत होती. मी तिचा फोटो काढत होतो. टीव्हीवर प्रेमला उमटली, सांडलेल्या पिठल्यासारखी. आणि तिच्या खांद्यामागे मनकर्णावहिनी! हनुवटीवरचं हिरवं गोंदण, नाकातला खडा, पडलेल्या दाताची फट, सगळं स्वच्छ. तोंड उघडून, सरळ माझ्याकडे पाहून हसत होत्या.

मारोतराव उठून उभे राहिले. आणि टीव्ही काळा झाला.

"कोठं गेली? विजूभाऊ, कोठं गेली ती?" त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"बॅटरी, मारोतराव. बॅटरी उतरली फक्त."

म्हातारी बॅटरी चार्ज व्हायला दोन तास घेते. मारोतराव जेवायला उठले नाहीत. चहा तसाच गार झाला. दोन तास ते त्या काळ्या पडद्यासमोर बसून होते आणि मी दर पाच मिनिटांनी चार्जरचा लाल दिवा पाहून येत होतो. एवढी वर्षं निगा राखली ती याच दिवसासाठी, असं मी आता छाती फुगवून म्हणू शकतो. पण खरं सांगतो, कार्ड पुन्हा उघडलंच नाही तर, हाच विचार डोक्यात होता.

उघडलं. मारोतराव टीव्हीपाशी गेले आणि त्यांनी त्या हनुवटीवर बोट ठेवलं. "हे गोंदन पाहा. मी हेच इसरलो होतो." मग त्या काचेला कपाळ टेकवून रडले. प्रेमलाही स्वयंपाकघरातून बाहेर आली होती.

बऱ्याच वेळानं डोळे पुसून त्यांनी विचारलं, "पन हसून कावून राहिली इतकी?"

मला माहीत होतं, पण मी गप्प बसलो. प्रेमला कसली गप्प बसते! माझ्याकडे बोट करून म्हणाली, "यायले हसून राहिली होती. डबा धरून धरून माहे हात दुखून आले, अन् हे आपले रिंग फिरवून राहिले. तं मनकर्णा म्हणे, 'भाऊजी, तुमचा फोटो निंगेपर्यंत खिरापतीले मुंग्या लागतीन!'"

वही काढून पाहिली. त्या नंबरासमोर मी लिहिलं होतं, 'सब्जेक्ट हलला'. त्यावर हर्षलचं 'ऑपरेटर'. पहिल्यांदाच पोराचं अक्षर मला आवडलं.

दुसऱ्या दिवशी कॅमेराच घेऊन स्टुडिओत गेलो आणि फोटो मोठा करून आणला. त्यातून प्रेमलाला कापावं लागलं. "कापा. मी तशीबी कोठं आली होती?" ती म्हणाली.

वर्षश्राद्धाला मारोतरावांच्या भिंतीवर हार घातलेल्या वहिनी माझ्याकडे पाहून हसत होत्या. मारोतरावांच्या सांगण्यावरून प्रेमलानं त्या कोजागिरीचीच खिरापत केली होती, खोबऱ्याच्या वड्या. त्यांची प्लेट फोटोखालच्या स्टुलावर ठेवली. पाहुण्यांच्या पंगती उठल्यावर मारोतराव टोपी नीट करून फोटोशेजारी उभे राहिले. "आता आमचा दोघायचा एक काढा."

मी लेन्स लावली. रिंग फिरवली, मागे आणली, पुन्हा फिरवली. खिडकीतलं ऊन सरकून कपाटावर गेलं. मारोतराव ताठ उभे होते. मग त्यांची नजर खाली स्टुलावर गेली. भिंतीवरून उतरलेली काळी रांग सरळ प्लेटमध्ये शिरली होती.

त्यांनी फोटोकडे पाहिलं. "मनकर्णा," ते म्हणाले, "लागल्या वं मुंग्या!" आणि भिंतीला हात टेकून वर्षभरात पहिल्यांदा पोट धरून हसले, शेजारी वहिनी हसत होत्या तसेच.

त्या हसण्याचा फोटो माझ्याकडे नाही. मी रिंग फिरवत होतो.