तळातल्या मिशा

स्वतःच्या मिशीसाठी हमरीतुमरीवर येणारी माणसं सोलापूर जिल्ह्यात पैशाला पासरी मिळतील; पण माशाच्या मिशीसाठी स्वतःची मिशी पणाला लावणारा माणूस एकच, आणि तो माझा सासरा आहे. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. आमचे सासरे, म्हणजे सगळ्यांचे अप्पा, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. उभी हयात स्टँडवर गाड्या पुकारण्यात गेल्यामुळे त्यांना हळू बोलणं म्हणून येत नाही. जेवताना मीठ मागितलं तरी मंगळवेढ्याची गाडी फलाटावर लागल्याच्या सुरात मागतात आणि शेजारच्या घरातला माणूस दचकून उठतो. मिशी म्हणाल तर पांढरीशुभ्र, दोन्ही टोकं आभाळाकडे. रोज सकाळी खोबरेल लावून तिला पीळ दिल्याशिवाय अप्पा चहाला शिवत नसत. फोनवर बोलायचं असलं तरी आधी पीळ, मग ‘हॅलो’. पलीकडच्याला दिसत नाही म्हणून काय झालं!

माशांचं वेड मुळात त्यांचं नव्हे, माझ्या धाकट्या मेहुणीचं. तिने हौसेने काचेची टाकी आणून सजवली. वर गप्पी, मधे निळ्या-लाल टेट्रांची झुंड आणि तळाला बारीक वाळू पसरून तिच्यावर ठिपकेवाले कोरी मासे. कोरी म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढा जीव. तोंडाशी चिमुकल्या मिशा, त्या वाळूत खुपसून हा दिवसभर खाणं हुडकत फिरतो. वरच्या रंगीत मंडळींकडे अप्पांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, पण या मिशा दिसल्या आणि गडी विरघळला. “अगं पोरी, हे तर आपल्यातलेच निघाले की!” तेव्हापासून माशांना खाणं घालणं त्यांच्याकडे आलं. वरचे आगाऊ मासे खालच्यांपर्यंत काही पोचू देत नाहीत हे त्यांनी पहिल्या दिवशीच हेरलं. मग एका कोपऱ्यात चुरा टाकून वरची गर्दी तिकडे वळवायची आणि दुसऱ्या कोपऱ्यातून बुडणाऱ्या गोळ्या हळूच तळाला सोडायच्या. “खालच्या पाशिंजरांनी तयार ऱ्हावं!” ही घोषणा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायची.

मेहुणीचं लग्न ठरलं ते बार्शीला. “अप्पा, मी गेल्यावर यांना तुम्हीच सांभाळायचं हं,” एवढंच ती म्हणाली, आणि अप्पांच्या अंगात आलं. पोरीने सोपवलेली टाकी लग्नाच्या पाहुण्यांसमोर कशी उठून दिसली पाहिजे! ती खरेदीला पुण्याला गेलेली पाहून त्यांनी तळातली वाळू उपसली आणि त्या जागी आपली काळी खडी, रस्त्यावर पडते ती, स्वच्छ धुऊन अंथरली. “सोलापूरचा मासा सोलापूरच्या दगडावर दिसला पायजे!” दिसलाही झोकात. लेक परत येईपर्यंत मात्र कोरी तोंड खुपसून खुपसून हैराण झाले आणि त्यांच्या मिशा झिजून नुसते खुंट उरले. ती आली ती तडक काचेजवळ बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अप्पांना तेवढं पुरलं.

तसेच ते मासेवाल्या चाचांच्या दुकानात गेले, सोबत मी. चाचांनी कपाळाला हात लावला. “अप्पा, इनकू बारीक रेती होना. खडी पे मुछां घिस गयां बिचाऱ्यांच्या. जड, म्हंजे मूळ, शाबूत है तो आयेंगे वापस.” अप्पांनी भर दुकानात आपली दोन्ही टोकं खाली ओढली आणि जाहीर केलं, “ह्यांच्या मिशा येईस्तोवर माझ्या मिशीला पीळ न्हाय!” रस्त्यावरची रिक्षा थांबली. घरी सासूबाईंनी डोकं धरलं. “अवो, लगीन तोंडावर आलंय. व्याहीभेटीला काय पडक्या मिशीनं हुबं ऱ्हानार?” आणि व्याही तर बार्शीच्या अडत बाजारात मिशीसाठीच ओळखले जाणारे! पण अप्पा हलले नाहीत.

मग सुरू झाला वाळूचा शोध. क्रश केलेली वाळू हातात घेऊन त्यांनी “काचंवानी टोचतीया” म्हणून फेकून दिली. शेवटी शेजाऱ्यांच्या बांधकामातून उरलेली नदीची गोल दाण्याची वाळू सापडली. ती सासूबाईंच्या पिठाच्या चाळणीने चाळली, चुन्याचा अंश नको म्हणून वर लिंबू पिळून फेस येतो का ते पाहिलं, आणि शेवटची परीक्षा म्हणून मूठभर वाळू स्वतःच्या ओठावर, मिशीखाली घासून घेतली. “तुमीबी घासा, जावईबापू.” घासली. आमच्या नळाला पाणी येतं ते आठवड्यातून मोजक्या वेळा, पण अप्पांनी आपल्या आंघोळीचं पाणी माशांच्या नावे केलं आणि वाळू धुतली ती अगदी निवळ पाणी निघेपर्यंत. ते गढूळ पाणीही वाया नाही, कढीपत्त्याला.

लग्नाच्या दिवसापर्यंत मिशा काही आल्या नाहीत. व्याहीभेटीला सनई वाजली, दोघे व्याही समोरासमोर आले, हार घातले गेले. एकाची मिशी ताठ, एकाची ओघळलेली. “व्याही, मिशीला काय झालं हो?” ताठ मिशीवाल्यांनी हळूच विचारलं. उत्तर मात्र स्टँडच्या आवाजात आलं. “पोरीचं मासं माझ्या हातनं दुखावलं. ती चूक निस्तरल्याबिगर पीळ देनार न्हाय!” अख्ख्या मांडवाने ऐकलं. कुणी तरी फिस्सकन हसलं. पण बार्शीच्या त्या गृहस्थांनी अप्पांकडे नीट पाहिलं, स्वतःच्या मिशीची टोकं दोन्ही हातांनी खाली केली आणि म्हणाले, “मग आजच्या दिवस आमचीबी खाली. काढा फोटू.” माझा ऊर भरून आला. असा सासरा आणि असा व्याही एका फोटोत मावले, ही त्या फोटोग्राफरची पुण्याई.

लेक गेली तशी अप्पांचा आवाजही थोडा उतरला. संध्याकाळी ते टाकीसमोर फरशीवर पालथे पडून राहत. एक दिवस मला आतून हाक आली. वाळूत तोंड घालून फिरणाऱ्या कोरीच्या तोंडाशी बारीक, पांढुरक्या, कोवळ्या मिशा हलत होत्या. अप्पांनी तिथूनच बार्शीला व्हिडिओ कॉल लावला. “बघ की पोरी, आल्या!” ती हसली, मग डोळे पुसून म्हणाली, “आता द्या पीळ.”

अप्पांनी खोबरेल मागवलं. उजव्या टोकाला झकास पीळ दिला. डावीकडे गेलेला हात मात्र मधेच थांबला.

“ही बाजू नागपंचमीला. तू आलीस की.”

तेव्हापासून एक टोक वर आणि एक खाली अशा थाटात ते दूध आणायला जातात, देवळात जातात, लग्नांना हजेरी लावतात. लोक विचारतात आणि हे मोठ्या आवाजात सांगतात. टाकीसमोर बसले की तेवढे हळू बोलतात. “पंचमीला येतीया ती,” असं खालच्या पाशिंजरांना सांगताना मी ऐकलं आहे.