चापड्यासाठी बांधलेली चिंधी

चहा ओता आधी. आणि कप धरलेल्या माझ्या हाताकडे असं चोरून बघू नका, त्या हातावरच येणार आहे मी. फजितीच सांगायची म्हटल्यावर हात कुठवर लपवणार? फक्त हसताना जरा जपून हसा, कारण यात एका बाईच्या दारात मढं पडायची वेळ आली होती.

वेल्ह्यात मी विज्ञान शिकवतो, ते तुम्हाला माहीत आहेच. पण मला खरं वेड आहे चापड्याचं. चापडा म्हणजे झाडाझुडपांत राहणारा हिरवा विषारी साप. नागाचा थाट नाही, धामणीची पळापळ नाही. चपटं डोकं, पानासारखा रंग, आणि एका फांदीवर बसला की चार-चार दिवस हलायचं नाव नाही! तुमच्या नाकासमोर वीतभर अंतरावर असेल आणि तुम्ही म्हणाल, "काय छान पालवी फुटलीय." असा प्राणी बघितला की मला जेवण सुचत नाही. बायको म्हणते, माझ्याकडे कधी असं टक लावून बघितलं नाहीत. खरं आहे.

तर ऐन आषाढात बायजाबाईंचा फोन आला. तोरण्याच्या अंगाला चार घरांचा धनगरवाडा आहे, तिथं त्यांच्या शेळ्या आणि शेळ्या कोंडायचं कुडाचं वाडगं आहे. एकट्याच असतात. धाकटा दीर होता, तो शेळ्यांना पाला तोडताना घोणस चावून गेला. जीपमध्येच गेला, दवाखाना गाठायच्या आत. त्यामुळे साप म्हटलं की त्या बाईच्या अंगावर काटा येतो.

"मास्तर, वाडग्याच्या कुडाला करवंदीची जाळी हाय न्हवं, तितं हिरवं जनावर बसलंय. हानू का त्येला?"

"हाणू नका! आलोच!"

गाडी काढली, पुढं चिखलातून चालत गेलो. बायजाबाईंनी लांबून काठीनं दाखवलं तेव्हा कुठं मला दिसला. काय सांगू! करवंदीच्या पानांत असा काही मुरून बसला होता की देवानं फुरसतीनं रंगवला असावा.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? साप धरायच्या आकड्यानं उचलून दोन ओढे पलीकडे सोडला असता. दहा मिनिटांचं काम. पण खरं सांगतो, मला तो रोज बघायचा होता. इतक्या वर्षांत असा हाताशी बसलेला चापडा मला मिळाला नव्हता. म्हणून बायजाबाईंना मी भाषण दिलं.

"बाई, हा भित्रा जीव आहे. आपण हात घातला नाही तर तो काही करत नाही. राहू द्या इथंच. मी येत जाईन बघायला."

"आन काय झालं म्हंजी?"

"जबाबदारी माझी."

"जबाबदारी म्हंजी काय करनार, मास्तर? दीर गेला तवाबी समदी हेच म्हनत व्हती."

तरी तयार झाल्या. मास्तर म्हणतोय म्हटल्यावर करणार काय? मग कुणी चुकून जाळीत हात घालू नये म्हणून मी एक अक्कल लढवली. माझ्या लाल पंच्याची पट्टी फाडली आणि त्या फांदीच्या अलीकडे गाठ मारून बांधली. लाल म्हणजे धोका! पहिलीतल्या पोराला कळतं.

बायजाबाई जरा चमकल्या. "हितं बांधताय?"

"मग? येणाऱ्या-जाणाऱ्याला कळायला नको?"

"व्हय," त्या म्हणाल्या, "कळंल की."

दोन दिवसांनी गेलो तर माझ्या पट्टीशेजारी दुसरी चिंधी. पिवळी. मला इतका आनंद झाला म्हणता! म्हटलं, लोक सहकार्य करतायत. वहीत लिहूनसुद्धा ठेवलं, 'ग्रामस्थांचा प्रतिसाद उत्तम.' पुढच्या खेपेला सात चिंध्या होत्या. त्याच्या पुढच्या खेपेला हिरव्या बांगड्या, हळदीकुंकू आणि फोडलेला नारळ!

आमच्याकडे खिंडीत, वाटेवर झुडपाला चिंधी बांधतात ती कशासाठी, हे तुम्ही पोराबाळांना विचारा, सांगतील. नवसाची असते ती! मी याच तालुक्यात जन्मलो, माझ्या आईनं माझ्या दहावीसाठी अशीच चिंधी बांधली होती, आणि मला ते आठवू नये? आठवलं काय, तर वर्गातलं लाल म्हणजे धोका.

धावत बायजाबाईंकडे गेलो. "अहो, ही चिंधी कुणी सुरू केली?"

"पयली तुमीच बांदली की."

"अहो, ती सावध करायला!"

"आमाला काय ठावं? एवढा शिकलेला मानूस चिकलातनं येतो, चिंधी बांधतो, येक दिसाआड येऊन हात मागं बांधून तासभर हुबा ऱ्हातो. लोकं म्हनली, कायतरी असल्याबिगर का?"

मी जाळीपाशी जमलेल्या चार बायकांना समजावायला गेलो. पण माझं नशीब बघा. "बायांनो, तो कुठं जात नाही, इथंच असतो," मी म्हणालो. त्यांनी हात जोडले. "दिसत नाही, पण असतो." एकीनं डोळे मिटले. "आपण त्रास दिला नाही तर काही करत नाही, पण चुकलात तर सोडणार नाही!" चौघींनी वाकून नमस्कार केला. आता माझं आणखी काय बोलायचं राहिलं होतं?

बातमी मोबाईलवरून फिरली. नागपंचमीला भोंगवलीच्या बायका टेम्पो करून येणार असं कळलं, तेव्हा सणाच्या आदल्या दिवशी बायजाबाईंनी मला भर बाजारात गाठलं. कधी आवाज न चढवणारी बाई, पण त्या दिवशी चढवला.

"मास्तर, बाया जाळीत हात घालून कुकू लावत्यात. येकीला जरी चावला ना, तर माज्या दारात मढं पडंल. म्या येक मढं बगितलंय. दुसरं न्हाई बगायची."

त्या रात्री मला झोप आली नाही. चापडा तर सोडाच, त्या बाईचा चेहरा डोळ्यांसमोरून जाईना.

नागपंचमीच्या सकाळी आकडा, पिशवी घेऊन मी सगळ्यांच्या आधी पोचायचं ठरवलं, आणि टेम्पोच्या पाठोपाठ पोचलो. बारा बायका ताटं घेऊन उभ्या. मी ओरडलो, "मागं व्हा! कुणी पुढं येऊ नका! आधी मी त्याला हलवतो, चिंध्या सोडतो, मग काय ती पूजा लांबून करा."

बायका मागं झाल्या. मी जाळीसमोर बसलो. पाव तास निरखत होतो. पान न् पान बघितलं, फांदी न् फांदी. शिवाय तोंड चालूच. "चापडा शोधताना साप शोधायचा नसतो, आकार शोधायचा. नवख्याला दिसत नाही, सरावानं जमतं." बायका ऐकत होत्या. बायजाबाईही कुडाला टेकून ऐकत होत्या.

शेवटी मी उठून जाहीर केलं, "गेला! या गर्दीला कंटाळून निघून गेला. आता काही भीती नाही." आणि माझी लाल पट्टी सोडायला हात घातला.

तर्जनीवर ठिणगी पडली.

हात मागं ओढला तेव्हा तो फांदीवर पुन्हा वळसा घालून बसत होता. शांतपणे. जिथं पाव तास बसला होता, तिथंच.

"बाई," मी म्हणालो, "तुम्हाला दिसत होता?"

"व्हय. तुमच्या हाताखालीच तर व्हता."

"मग बोलला का नाही?"

"मला वाटलं तुमाला दिसतूय! तुमी त्यातलं जानकार!"

पुढं हसण्यासारखं फारसं नाही. टेम्पोवाल्या नामदेवनं टेम्पो काढला आणि नारळ-लाह्यांच्या मध्ये मला आडवं घातलं. कुणीतरी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. भोरचा दवाखाना येईपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला होता आणि मी दात आवळून कण्हत होतो. बायजाबाई माझं मनगट धरून बसल्या होत्या. मध्येच त्यांनी हळूच विचारलं, "मास्तर, औषिद हाय न्हवं ह्याचं?"

वर्गात हाच धडा मी किती ऐटीत शिकवतो! नाग, मण्यार, घोणस, फुरसं, यांच्या विषावर औषध मिळतं, चापड्याच्या विषावर वेगळं औषध नाही. पण सहसा माणूस मरत नाही, हेही शिकवतो. मी त्यांना फक्त दुसरं वाक्य सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. दिराच्या वेळचा तोच रस्ता, तीच वळणं. त्या माझ्याकडे न बघता बाहेर बघून रडत होत्या, आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की हाताची आग त्यापुढं काहीच नव्हती. जबाबदारी माझी, म्हणालो होतो!

मेलो नाही, दिसतंच आहे. दवाखान्यात काळजी घेतली, अकरा दिवसांनी सूज उतरली. तर्जनीचं वरचं पेर मात्र काळं पडलं ते पडलंच. काढावं लागलं. हे बघा, आता बघा हवं तर.

घरी आल्यावर पहिली धास्ती ही, की लोकांनी चापड्याला ठेचला असणार. अंगात जरा ताकद आली तसा वर गेलो. जाळीवर एकही नवी चिंधी नव्हती. माणूस फिरकत नव्हतं. आणि तो? बायजाबाईंनी काठीनं दाखवला. आहे की, मजेत!

"कुणी मारला नाही?"

"म्या मारू दिला न्हाई. म्हनलं, मास्तरचा हाय त्यो. लई महागाचा पडलाय."

एवढ्यात खालून एक नवराबायको नारळ घेऊन आले. नवस बोलायचा होता. बायजाबाई त्यांना वाटेतच आडव्या झाल्या. धोका सांगायला त्यांना भाषण लागलं नाही, की लाल रंग लागला नाही.

त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मास्तर, जरा बोट दावा ह्यास्नी."

मी दाखवलं. दोघं नारळासकट माघारी पळाले.